परदेशी शिष्यवृत्त्या आणि फेलोशिप : विद्यार्थी पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न

हे प्रश्न महाराष्ट्रातल्या कॉलेजांतून येतात. विचारणारे बहुतेक जण बीए, बीएस्सी, इंजिनिअरिंग किंवा एमएसडब्ल्यू झालेले असतात आणि त्यांच्या घरात पासपोर्ट पहिल्यांदाच निघत असतो. अटी, मुदती आणि रकमा दरवर्षी थोड्याफार बदलतात. म्हणून इथला प्रत्येक आकडा चालू वर्षाच्या जाहिरातीशी ताडून पाहा. जाहिरात आणि हे पान यांत फरक दिसला तर जाहिरातच खरी.

शिष्यवृत्ती मिळाली म्हणजे सगळा खर्च निघाला ना?

नावात 'स्कॉलरशिप' असलं म्हणून तसं होत नाही. चेवनिंग, फुलब्राइट-नेहरू, कॉमनवेल्थ, ऱ्होड्स यांत फी, राहण्या-जेवणाचा भत्ता आणि विमानभाडं धरून जवळपास सगळं मिळतं. युरोपीय संघाच्या इरॅस्मस मुंडस या मास्टर्स शिष्यवृत्तीत फी माफ होते आणि महिन्याला १४०० युरो मिळतात. तिकीट, व्हिसा, घरभाडं हे सगळं त्यातच बसवायचं. इनलॅक्ससारख्या खासगी प्रतिष्ठानांच्या मदतीला कमाल मर्यादा असते. अमेरिकेतल्या महागड्या विद्यापीठात प्रवेश मिळाला असेल तर वरचा फरक कुठून भरणार, हे आधीच सांगावं लागतं.

जे. एन. टाटा एन्डाउमेंटचा प्रकार निराळा. जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये सुरू केलेली ही योजना मुळात कर्जाऊ आहे, म्हणजे पैसे परत करायचे. तरीही तिला कमी लेखू नका. पहिल्या लाभार्थींमध्ये कृष्णाबाई केळवकर होत्या आणि पुढे जयंत नारळीकरही याच योजनेतून केंब्रिजला गेले.

शेवटचा प्रकार म्हणजे विद्यापीठाने ऑफर लेटरसोबत न मागता दिलेली दोन-तीन हजार पौंडांची 'इंटरनॅशनल एक्सलन्स स्कॉलरशिप'. ही फीमधली सवलत आहे. तिच्यासाठी पेढे वाटायची घाई नको.

एकच चांगला निबंध लिहून सगळीकडे पाठवला तर?

तर सगळीकडून नकार येण्याची शक्यता मोठी. पैसे कुणाचे आहेत आणि तो ते कशासाठी देतो आहे, एवढं अर्ज उघडण्याआधी शोधा. निम्मं काम तिथेच होतं.

चेवनिंगचा पैसा ब्रिटनच्या परराष्ट्र खात्याचा. उद्या आपापल्या देशात ज्यांच्या शब्दाला वजन असेल अशा माणसांशी आज ओळख जोडायची, हा त्यांचा सरळ हिशेब आहे. त्यामुळे त्यांचे प्रश्न नेतृत्व, माणसं जोडणं, ब्रिटनमधलाच कोर्स का आणि पुढचा बेत काय, यांवर असतात. कॉमनवेल्थ शिष्यवृत्तीही ब्रिटनचीच, पण तिथला पैसा विकास-मदतीचा. 'तुमच्या शिक्षणाने तुमच्या देशात नेमकं काय बदलेल' हा तिथला मुख्य प्रश्न, आणि मोघम उत्तराला तिथे थारा नाही. शिवाय कॉमनवेल्थसाठी तिच्या शिष्यवृत्ती आयोगाच्या पोर्टलवरचा अर्ज आणि नामनिर्देशन करणाऱ्या संस्थेकडचा अर्ज वेगवेगळे असतात. एकच भरून निर्धास्त बसलेले विद्यार्थी दरवर्षी भेटतात.

फुलब्राइटची मुळं १९४६ च्या अमेरिकन कायद्यात आहेत. भारताशी करार १९५० चा. २००८ पासून भारत सरकारही खर्चात वाटा उचलू लागलं आणि नावाला 'नेहरू' जोडलं गेलं. लोकांची देवाणघेवाण हा तिचा गाभा, त्यामुळे तुम्ही तिकडे काय शिकणार याइतकंच तिकडच्या लोकांना तुमच्याकडून काय कळणार हेही पाहिलं जातं. ऱ्होड्स म्हणजे ऑक्सफर्ड. वय कमी लागतं, गुण उत्तम लागतात आणि माणूस म्हणून तुम्ही कसे आहात याची कसून चौकशी होते. माथेरानला जन्मलेले गिरीश कार्नाड ऱ्होड्स स्कॉलर होते. ते गेले तेव्हा त्यांची पदवी गणित आणि संख्याशास्त्राची होती, हे 'माझा विषय आर्ट्सचा नाही' म्हणून कचरणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

इरॅस्मस मुंडसमध्ये निवड करणारे त्या कोर्सचे प्राध्यापक असतात. तुम्ही गावात किती झाडं लावली यात त्यांना फारसा रस नाही. तुमचा प्रबंध, तुम्हाला येणारी सॉफ्टवेअर्स, तुमचा विषय त्यांच्या अभ्यासक्रमात कुठे बसतो, हे त्यांना हवं असतं.

आपल्या सरकारी योजनांचं गणित अगदीच वेगळं. राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे आणि वर्षाला ७५ जागा आहेत. केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिपला १२५ जागा, उत्पन्नाची मर्यादा ८ लाख आणि वयाची ३५ वर्षं. इथे भाषेच्या लालित्याला गुण नाहीत. विद्यापीठाचं जागतिक मानांकन, तुमचे टक्के, दाखले आणि तारखा यांवर निकाल ठरतो. निबंधावर महिना घालवून उत्पन्नाचा दाखला शेवटच्या आठवड्यात काढायला गेलात तर खेळ तिथेच संपला.

मला डिस्टिंक्शन नाही. अर्ज करू का?

किमान अट पूर्ण होत असेल तर करा. फुलब्राइट-नेहरू मास्टर्सला ५५ टक्के लागतात, नॅशनल ओव्हरसीजला ६०. चेवनिंगमध्ये ज्या कोर्सला जायचं त्या विद्यापीठाची अट पुरी करावी लागते. एखाद्या वर्षी गुण घसरले असतील आणि त्यामागे कारण असेल, आजारपण, घरातला मृत्यू, रात्रपाळीची नोकरी, तर ते दोन वाक्यांत सांगा आणि पुढे चला. पानभर खुलासा दिलात तर वाचणाऱ्याच्या डोक्यात तेवढंच राहतं.

तयारी कधीपासून करू?

जायच्या तारखेपासून उलटं मोजा. चेवनिंगचे अर्ज ऑगस्टच्या सुमारास उघडतात, मुलाखती पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला होतात आणि कोर्स सप्टेंबर-ऑक्टोबरला लागतो. म्हणजे अर्ज आणि विमान यांत वर्षभराचं अंतर आलं. फुलब्राइटचंही तसंच, आज अर्ज केला तर पुढच्या वर्षी जायचं. इरॅस्मसच्या बहुतेक मुदती हिवाळ्यात संपतात.

अनुभवाची अट मात्र अनेकांना उशिरा कळते. चेवनिंगला दोन वर्षांचा, म्हणजे २८०० तासांचा अनुभव लागतो. त्यात अर्धवेळ काम, इंटर्नशिप, स्वयंसेवी काम हेही धरता येतं. फुलब्राइट-नेहरू मास्टर्सला तीन वर्षांचा पूर्णवेळ अनुभव हवा. तीन वर्षांची बीए-बीएस्सी झालेल्यांना त्यावर मास्टर्सही लागते. तुम्ही आत्ता टीवायला असाल तर या दोन्ही नावांपुढे काही वर्षांनंतरची तारीख टाका आणि तोवर मिळणाऱ्या प्रत्येक कामाचं पत्र, तासांसकट, जपून ठेवा. संस्था बंद पडतात, साहेब बदलतात, मग ते पत्र कुणी देत नाही.

निबंधाची सुरुवातच सुचत नाही. 'लहानपणापासून मला…' चालेल का?

नको. निवड समितीपुढच्या गठ्ठ्यात या वाक्याने सुरू होणारे ढीगभर अर्ज असतात. गांधीजींचं किंवा कलामांचं वाक्यही नको. समितीला ते पाठ आहे.

एक कल्पित उदाहरण घेऊ. बीड जिल्ह्यातली एक मुलगी पहिल्या मसुद्यात लिहिते : 'मी ग्रामीण भागातील वंचित घटकांच्या शैक्षणिक सक्षमीकरणासाठी सातत्याने कार्यरत आहे.' वाक्यात चूक काही नाही आणि माहितीही काही नाही. तिला विचारलं, म्हणजे नेमकं काय केलंस? मग हळूहळू बाहेर येतं. दिवाळीच्या आसपास गावातली निम्मी घरं ऊसतोडीला कारखान्यावर जातात आणि मुलांची शाळा सुटते. हंगामी वसतिगृहाची सरकारी योजना आहे, पण गावात ते सुरू झालेलं नव्हतं. हिने शाळा व्यवस्थापन समितीत विषय काढला. पहिल्या बैठकीत कुणी ऐकलं नाही. मग तिने घरोघर फिरून कोणत्या घरात कोणती मुलं आजीकडे राहू शकतात आणि कोणती नाही, याची यादी केली. ती यादी घेऊन ती गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे गेली. त्या हंगामात काही मुलं मागे राहिली, काही तरीही गेली.

निबंध तो हाच. यात नेतृत्व आहे, माणसं जोडणं आहे, माहिती गोळा करणं आहे आणि अर्धं अपयशही आहे. 'तुला सार्वजनिक धोरणाचा कोर्स का करायचा आहे' याचं उत्तरसुद्धा आयतंच मिळालं : योजना कागदावर असते आणि गावात पोचत नाही, हे तिने जवळून पाहिलंय.

दुसरा मसुदा लिहिताना एक सोपी चाळणी लावा. प्रत्येक वाक्य वाचून विचारा, हेच वाक्य माझ्या वर्गातला दुसरा कुणी जसंच्या तसं लिहू शकेल का? शकत असेल तर ते खोडा किंवा त्यात गाव, महिना, आकडा, माणूस घाला. आकडा लहान असला तरी चालतो. अकरा मुलं म्हणजे अकराच लिहा, 'असंख्य' नको.

'आम्ही केलं' असं लिहायची आपल्याकडे सवय आहे. स्वतःबद्दल बोलणं म्हणजे बढाई, हे घरात आणि शाळेत शिकवलेलं असतं. निबंधात मात्र 'आम्ही'मधला तुमचा वाटा वेगळा काढून दाखवावाच लागतो. शिबिर आम्ही घेतलं, वर्गणीचा हिशेब मी ठेवला. एवढं लिहायला संकोच कसला?

मी कधी वर्गप्रतिनिधी नव्हतो, विद्यार्थी संघटनेतही नव्हतो. नेतृत्व कुठून आणू?

पद म्हणजे नेतृत्व असं कुठल्याच अर्जात लिहिलेलं नाही. हॉस्टेलच्या मेसचा ठेकेदार बदलायला लावणं, प्रयोगशाळेतल्या ज्युनिअर मुलींना पायथन शिकवणं, वडिलांनंतर शेतीचा व्यवहार हातात घेऊन सोसायटीचं कर्ज फेडणं, यांतलं काहीही चालतं. कुणाचं तरी मत किंवा कुठली तरी रीत तुमच्यामुळे बदलली, एवढं दिसायला हवं. पदांची लांब यादी आणि खाली काहीच काम नाही, असे अर्ज समितीच्या चटकन लक्षात येतात.

घरच्या गरिबीबद्दल लिहावं का?

कामाशी संबंध असेल तर जरूर लिहा. तुम्ही पाणीप्रश्नावर संशोधन करणार असाल आणि तुमचं लहानपण टँकरच्या रांगेत गेलं असेल, तर ती माहिती विषयाला धरून आहे. नुसती कणव यावी म्हणून लिहिलेला परिच्छेद मात्र वाचणाऱ्याला अवघडल्यासारखं करतो. परिस्थितीला एक-दोन वाक्यं, त्या परिस्थितीत तुम्ही काय केलंत त्याला बाकीची जागा. जातीच्या अनुभवाबद्दलही हेच. लिहायचं की नाही हा निर्णय सर्वस्वी तुमचा, समितीने त्याची अपेक्षा धरलेली नसते आणि कुणा मार्गदर्शकाने 'हे घाल, खपेल' म्हटलं तर त्याचा सल्ला तिथेच सोडा.

सर म्हणतात, 'शिफारसपत्र तूच लिहून आण, मी सही करतो.' काय करू?

हा प्रश्न महाराष्ट्रातल्या प्रत्येक कॉलेजातून येतो. सरांवर रागावून उपयोग नाही. अनेक प्राध्यापकांनी असं पत्र कधी लिहिलेलंच नसतं आणि त्यांच्या टेबलावर परीक्षेच्या कामाचा ढीग असतो. पण स्वतःचं पत्र स्वतः लिहिणं दोन कारणांनी घातक आहे. एक, तो सरळसरळ खोटेपणा आहे आणि पुष्कळ ठिकाणी तसं जाहीर करावं लागतं की पत्र शिफारस करणाऱ्यानेच लिहिलं आहे. दोन, तुमच्या निबंधाची आणि पत्राची शैली एकच निघते. तीन पत्रं असतील आणि तिन्हींत तेच तेच शब्द असतील, तर वाचणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही.

त्याऐवजी सरांचं काम सोपं करा. एका पानावर मुद्दे लिहून द्या : मी तुमच्याकडे कोणते पेपर शिकले, प्रोजेक्टचा विषय काय होता, त्यात अडचण कुठे आली आणि ती कशी सुटली, शिष्यवृत्ती कोणती, ती देणारे काय बघतात, शेवटची तारीख कोणती. तुम्हाला आठवत असलेला एखादा प्रसंग त्यांना आठवून द्या : 'सर, त्या सेमिनारमध्ये मी तुमच्या निष्कर्षावर शंका घेतली होती.' पत्र मराठीत सांगून इंग्रजीत टाइप करायला त्यांनी दुसऱ्या प्राध्यापकांची मदत घेतली तरी हरकत नाही, मजकूर त्यांचा हवा. किमान महिनाभर आधी विचारा, आठवडा उरला की एकदा आठवण करा. पोर्टलवरून येणारा दुवा त्यांच्या स्पॅममध्ये जातो, तो शोधून देण्याची तयारी ठेवा.

प्राचार्यांचं, आमदारांचं किंवा मोठ्या अधिकाऱ्याचं पत्र आणू का, हा जोडप्रश्न. ते तुम्हाला ओळखत नसतील तर नको. लेटरहेड भारी आणि आत 'सदर विद्यार्थी माझ्या परिचयाचा असून सुस्वभावी आहे' एवढंच, अशा पत्राने नुकसानच होतं. तुमचा प्रोजेक्ट तपासणाऱ्या तरुण असिस्टंट प्रोफेसरचं पत्र त्याहून कितीतरी चांगलं.

कागदपत्रांत सगळ्यात जास्त कुठे अडतं?

नावात. गुणपत्रिकेवर 'पाटील सुनीता रमेश', पासपोर्टवर 'सुनीता रमेश पाटील', आधारवर 'सुनिता', ऱ्हस्व-दीर्घाच्या गोंधळातून इंग्रजी स्पेलिंगही निराळं. आईचं नाव काही गुणपत्रिकांवर चौथ्या शब्दासारखं छापलेलं असतं. लग्नानंतर नाव बदललं असेल तर आणखी एक पदर. आडनाव आधी लिहिण्याची आपली पद्धत परदेशातल्या कारकुनाला ठाऊक नसते. तो 'पाटील' हे पहिलं नाव समजतो. सगळे कागद एकदा टेबलावर मांडा. स्पेलिंगचा फरक असेल तर प्रतिज्ञापत्र पुरतं की राजपत्रात नाव बदलून घ्यावं लागतं, हे अर्जाच्या बरंच आधी ठरवा. पासपोर्ट काढायचा असेल तर तो दहावीच्या प्रमाणपत्राशी जुळवून घ्या.

दुसरी अडचण ट्रान्सक्रिप्टची, म्हणजे सगळ्या सेमिस्टरच्या गुणांच्या अधिकृत एकत्रित उताऱ्याची. कॉलेज संलग्न असेल तर ट्रान्सक्रिप्ट विद्यापीठाच्या परीक्षा विभागातून येतं, कॉलेजच्या ऑफिसातून नाही. त्यासाठी सगळ्या सेमिस्टरच्या गुणपत्रिका लागतात, एटीकेटीवाल्यासुद्धा. सीजीपीएचे टक्के करून देणारं पत्र वेगळं मागा.

सरकारी योजनांसाठी उत्पन्नाचा दाखला कोणत्या आर्थिक वर्षाचा हवा ते जाहिरातीत नीट वाचा. मागच्या वर्षीचा दाखला जोडून अर्ज बाद झालेले विद्यार्थी कमी नाहीत. जातीचा दाखला, लागू असेल तिथे जात पडताळणी प्रमाणपत्र आणि अधिवास प्रमाणपत्र यांचं काम पदवीच्या शेवटच्या वर्षातच उरका.

मी मराठी माध्यमातून शिकलो. इंग्रजी आड येईल का?

थोडं येईल, पण निबंधात फार नाही. लहान वाक्यं लिहा. शब्दकोशातून जड शब्द शोधू नका. आधी मराठीत सगळं सांगून टाका, मोबाइलवर रेकॉर्ड केलंत तरी चालेल, आणि मग त्यातले मुद्दे घेऊन इंग्रजी लिहायला बसा. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल दोन वर्षंच चालतो, त्यामुळे फार आधी परीक्षा देऊन ठेवू नका. काही विद्यापीठं इंग्रजी माध्यमातून पदवी झाल्याचं पत्र स्वीकारतात, सगळी नाही.

एआयकडून निबंध लिहून घेतला तर कळेल का?

बऱ्याचदा कळतं, कारण ऊसतोडीची ती यादी त्याला माहीत नसते आणि मग तो 'सक्षमीकरण' लिहितो. शिवाय नियमाचाही प्रश्न आहे. ऱ्होड्सला तर निबंध दुसऱ्या कुणाच्या मदतीशिवाय लिहिल्याचं सही करून सांगावं लागतं. तिथे सरांनीही दुरुस्त करून द्यायचा नसतो. स्पेलिंग तपासणं वेगळं आणि विचार उसने घेणं वेगळं. प्रत्येक योजनेने रेघ कुठे ओढली आहे ते वाचा.

कन्सल्टंटची गरज आहे का?

वर सांगितलेल्यांपैकी चेवनिंग, फुलब्राइट किंवा सरकारी योजनांना अर्ज करायला पैसे लागत नाहीत. बऱ्याच कन्सल्टंटना विद्यापीठाकडून कमिशन मिळतं, त्यामुळे तुम्हाला कुठे पाठवायचं यात त्यांचा स्वार्थ असतो. त्यापेक्षा ती शिष्यवृत्ती घेऊन आलेला माणूस गाठा. विदर्भातून उभी राहिलेली 'एकलव्य'सारखी संस्था पहिल्या पिढीतल्या विद्यार्थ्यांना हेच करून देते.

मुलाखतीत काय विचारतात?

तुम्ही लिहिलेलंच विचारतात, फक्त एक पायरी खाली उतरून. वसतिगृहाचं लिहिलंत? मग गटशिक्षणाधिकारी काय म्हणाले, योजनेला पैसा कुठून येतो, तुम्ही अधिकारी असता तर काय केलं असतं. म्हणून अर्जात असं काहीही लिहू नका ज्यावर दहा मिनिटं बोलता येणार नाही.

'हाच कोर्स भारतात का नाही?' हा प्रश्न जवळजवळ ठरलेला. भारतातल्या संस्थांना नावं ठेवून उत्तर देऊ नका. मुंबईची टिस (टाटा समाजविज्ञान संस्था) किंवा पुण्याची गोखले इन्स्टिट्यूट समितीलाही माहीत असते. तिथे नसलेला एखादा विषय, एखादा प्राध्यापक, एखादं अभिलेखागार सांगा. माहीत नसलेल्या गोष्टीला 'माहीत नाही' म्हणा. आणि कृपा करून पाठ केलेलं भाषण म्हणू नका. दुसऱ्याच प्रश्नाला ते उघडं पडतं.

परत यावंच लागतं का?

चेवनिंगमध्ये कोर्स संपल्यावर मायदेशी परतून दोन वर्षं राहण्याची अट आहे. फुलब्राइटवर जाणाऱ्यांना जे-१, म्हणजे देवाणघेवाणीचा व्हिसा मिळतो. त्यांनाही अमेरिकेत पुन्हा नोकरीच्या किंवा स्थायिक होण्याच्या व्हिसावर जाण्याआधी दोन वर्षं भारतात काढावी लागतात. सरकारी योजनांची हमीपत्रं वेगळी असतात, सही करण्याआधी वाचा आणि जामीनदाराला वाचून दाखवा.

करार नवे नाहीत. १९१३ मध्ये बडोदे संस्थानने डॉ. आंबेडकरांना कोलंबियासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली, तीन वर्षांसाठी, आणि बदल्यात १० वर्षं संस्थानची नोकरी करण्याचा करार होता. मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये त्यांना लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतावं लागलं. तो पुरा करायला ते १९२० मध्ये पुन्हा गेले. मुदतीचं कलम नीट वाचा म्हणतो ते यासाठी.

परदेशात जायचं नाही, इथेच पीएचडी करायची आहे. माझ्यासाठी काही?

भरपूर. नेट-जेआरएफला (कनिष्ठ अधिछात्रवृत्ती) जानेवारी २०२३ पासून महिन्याला ३७,००० रुपये आणि पुढे एसआरएफला (वरिष्ठ) ४२,००० मिळतात, वर घरभाडं भत्ता. राज्यात बार्टी, सारथी, महाज्योती आणि टीआरटीआय या सरकारी संस्था आपापल्या प्रवर्गांतल्या संशोधकांना अधिछात्रवृत्ती देतात. इथे संशोधन आराखडा आणि पीएचडी नोंदणीची तारीख या दोन गोष्टी सांभाळा. एकाच वेळी दोन ठिकाणची अधिछात्रवृत्ती घेता येत नाही.

घरचे म्हणतात, आधी नोकरी बघ. मुलींना म्हणतात, आधी लग्न.

त्यांच्याशी स्वप्नांच्या भाषेत बोलू नका, आकड्यांच्या भाषेत बोला. फी किती, कोण भरणार, घरातून किती लागेल, परत केव्हा, नंतर पगार कशाचा. आधी जाऊन आलेल्या एखाद्या मुलीच्या आईशी आपल्या आईचं फोनवर बोलणं करून द्या. त्याचा फार उपयोग होतो.

नकार आला. पुन्हा करू?

करा. बहुतेक योजना पुन्हा अर्ज करू देतात आणि मागचा नकार कुणी धरून ठेवत नाही. मात्र तोच निबंध तारीख बदलून पाठवू नका. मधल्या वर्षात काय नवं केलंत ते दिसायला हवं. शॉर्टलिस्ट झाला होतात तर निबंध ठीक होता, मुलाखतीवर काम करा. पहिल्याच चाळणीत गेलात तर आधी पात्रता आणि कागद तपासा, मग निबंध दुसऱ्या विषयाच्या कुणाला तरी वाचायला द्या आणि विचारा, 'मी नेमकं काय केलं ते कळलं का?'

अर्ज सबमिट केला. आता?

भरलेल्या अर्जाची पीडीएफ उतरवून ठेवा, मुलाखतीच्या आदल्या रात्री तीच लागते. शिफारसपत्रं अपलोड झाली का ते पोर्टलवर पाहा, तुमचा अर्ज पुरा होऊनही एका सरांच्या पत्रावाचून तो अपूर्ण राहू शकतो. अर्जात दिलेला ईमेल कॉलेजचा असेल आणि तो उत्तीर्ण झाल्यावर बंद होणार असेल, तर आजच बदलून घ्या.